काविळीचें मूळ

कावीळ झालेल्याला सारें जग पिवळें दिसतें, अशी एक म्हण मराठींत फार दिवसांपासून रूढ आहे. म्हण म्हणून ती मार्मिक आहे. पण वैद्यकाच्या दृष्टीनें पाहिलें तर वस्तुस्थिति बहुधा उलट असते. रोग्याला जग पिवळें दिसत नाहीं, जगाला रोगी पिवळा दिसतो. डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर हळदीची छटा येते, लघवी गडद होते, अन्नावरील वासना उडते, आणि मग घरांतील कोणी वडील माणूस म्हणतें, 'याला कावीळ झाली.' एवढें म्हटलें कीं रोग ओळखला, असें सर्वांस वाटतें. खरें पाहतां शोधाला तेथें नुकता आरंभ झालेला असतो. डोंगरावर धूर पाहून तेथें अग्नि आहे असें नैयायिक सांगतो. पण वणवा पेटला आहे कीं कोणा गुराख्यानें भाकरीसाठीं तीन दगडांची चूल मांडली आहे, हें धुरावरून त्याला सांगतां येत नाहीं. कावीळ ही तसा धूर आहे. तिच्या बुडाशीं कोणता जाळ आहे हें शोधण्यांत वैद्यकाचीं शेंकडों वर्षें गेलीं, आणि त्या शोधाचा शेवटचा टप्पा रोग्याच्या शरीराबाहेर, गांवच्या पाण्याच्या नळापाशीं येऊन थांबला.

नगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला अकोले तालुका आहे. जिल्ह्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें; पण अकोल्याचे डोंगर आणि तेथला पाऊस आहेत तसेच आहेत. महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर जें कळसूबाई, १,६४६ मीटर उंचीचें, तें याच तालुक्याच्या हद्दीवर उभें आहे. रतनगडाच्या परिसरांत उगम पावणाऱ्या प्रवरा नदीवर भंडारदऱ्याचें धरण बांधून १९२६ सालीं पुरें झालें, आणि त्याच्या पाण्यावर खालच्या अंगाच्या श्रीरामपूर-राहात्याकडील कोरडवाहू रानांत ऊंस उभा राहिला. त्या धरणापासून फार दूर नसलेल्या राजूर या गांवीं २०२५ च्या उन्हाळ्यांत काविळीची साथ आली, आणि तिचा संबंध गांवच्या पिण्याच्या दूषित पाण्याशीं जोडण्यांत आला. ज्या तालुक्याच्या पाण्यानें खालचे तालुके संपन्न झाले, त्याच तालुक्यांतील एका गांवाला पाण्यानेंच आजारी पाडावें, ही गोष्ट कोणालाहि विचार करावयास लावील अशी आहे. पाणी आणि पिवळे डोळे यांचा संबंध काय, आणि तो मनुष्याच्या ध्यानांत यावयास इतका काळ कां लागला?

आपल्या प्राचीन वैद्यांची नजर या बाबतींत मोठी तीक्ष्ण होती. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांतील सोळाव्या अध्यायांत पांडुरोगाच्या जोडीनेंच कामलेचें, म्हणजे काविळीचें, वर्णन येतें. त्यांत कामलेचे दोन प्रकार निरनिराळे मानलेले आहेत. एकींत पित्त अतिशय वाढून अंगभर पसरतें. दुसरींत पित्ताचा मार्ग कफानें अडतो, तें कोठ्यांत उतरूं शकत नाहीं, आणि रोग्याला वाटलेल्या तिळांसारखा फिकट मळ होतो. हें दुसरें निरीक्षण आजहि जसेंच्या तसें ग्राह्य आहे. मळाचा रंग गेला तर पित्त आंतड्यांत पोंचत नाहीं, असें आजचा डॉक्टरहि समजतो, आणि लगेच पित्तमार्गाची तपासणी करावयास सांगतो. कारणाची भाषा त्या काळची असली, तरी चिन्हांची पारख अचूक होती. पिवळेपणा एक असला तरी त्याच्या वाटा अनेक आहेत, हें मर्म त्या वैद्यांनीं जाणलें होतें.

त्या वाटा कोणत्या, हें समजण्यासाठीं त्या पिवळ्या रंगाची जन्मकथा पाहिली पाहिजे. रक्तांतील तांबड्या पेशी सुमारें १२० दिवस जगतात. जीर्ण झालेल्या पेशी मुख्यतः प्लीहेंत मोडल्या जातात, आणि त्यांतील हिमोग्लोबिनपासून बिलिरुबिन नांवाचें पिवळें द्रव्य तयार होतें. निरोगी प्रौढ माणसाच्या शरीरांत तें दररोज सुमारें २५० ते ३०० मिलिग्रॅम निर्माण होतें. मूळ रूपांत हें द्रव्य पाण्यांत विरघळत नाहीं. म्हणून रक्तांतील एका प्रथिनाच्या आधारानें तें यकृताकडे जातें. यकृत त्याला एका शर्कराजन्य आम्लाची जोड देऊन विरघळण्याजोगें करतें आणि पित्ताबरोबर आंतड्यांत सोडतें. मळाला जो नेहमींचा रंग असतो, तो याच द्रव्याच्या रूपांतराचा होय. रक्तांत बिलिरुबिनचें प्रमाण सामान्यतः १०० मिलिलिटरला १ मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून कमी असतें. तें अडीच-तीनच्या पुढें गेलें म्हणजे डोळे पिवळे दिसूं लागतात.

नगर जिल्ह्यांतील पाटपाण्याच्या बागाइतदाराला हा व्यवहार सहज समजेल. वाफ्यांत पाणी तुंबलें तर त्याचीं कारणें तीनच असूं शकतात : वरून पाणी फार आलें, किंवा तें वाटून देणारा माणूस आजारी पडला, किंवा खालची चारी बुजली. काविळीचेंहि तसेंच आहे. रक्तपेशी फार वेगानें मोडल्या तर बिलिरुबिनची आवक वाढते. हिवतापांत रोगजंतु तांबड्या पेशी फोडतात तेव्हां असें होतें, आणि कित्येक कुळांत जन्मतःच पेशी नाजूक असतात त्यांच्यांतहि होतें. यकृतालाच सूज आली तर आलेला माल तयार होऊन बाहेर पडत नाहीं. विषाणु, दारू, कांहीं औषधें यांमुळें असें घडतें. आणि यकृत धडधाकट असूनहि पित्तनलिकेंत खडा अडकला, किंवा स्वादुपिंडाच्या गांठीनें ती नलिका दाबली, तर तयार माल माघारा फिरून रक्तांत उतरतो. तिन्ही रोग्यांचे डोळे सारखेच पिवळे दिसतात. उपचार मात्र तिघांचे तीन, आणि एकाचा उपचार दुसऱ्याला लागू पडत नाहीं.

हें ज्ञान युरोपांत टप्प्याटप्प्यानें जमत गेलें. १८४७ सालीं जर्मन वैद्य व्हिर्शो याला जुन्या सांकळलेल्या रक्तांत पिवळे-तांबूस स्फटिक दिसले, आणि पित्ताचा रंग रक्तांतून येत असावा या तर्काला आधार मिळाला. १८६४ सालीं श्टेडेलर या रसायनज्ञानें बिलिरुबिन हें नांव रूढ केलें. १९१६ सालीं हॉलंडमधील व्हान डेन बर्ग यानें एका रासायनिक परीक्षेनें दाखवून दिलें कीं, सर्व कावीळग्रस्तांच्या रक्तांतील बिलिरुबिन एकसारखें वागत नाहीं : कांहीं तत्काळ रंग देतें, कांहीं मद्यार्क मिसळल्यावरच देतें. यकृताच्या हातून गेलेलें आणि न गेलेलें असा तो भेद आहे, ही उकल १९५६-५७ च्या सुमारास झाली. आज प्रयोगशाळेच्या कागदावर 'डायरेक्ट' व 'इनडायरेक्ट' असे जे दोन आंकडे येतात, त्यांचें मूळ या परीक्षेंत आहे. चरकाच्या वैद्यानें मळाच्या रंगावरून जो भेद केला, त्याच जातीचा भेद आतां रक्ताच्या थेंबावरून करतां येऊं लागला.

तरीहि एक मोठा घोटाळा शिल्लक होता. एकदम अनेकांना होणारी आणि कांहीं आठवड्यांनीं आपोआप बरी होणारी जी कावीळ, तिचें कारण काय? व्हिर्शोसारख्या थोर पंडितानें सांगितलें कीं, पित्तनलिकेच्या तोंडाशीं कफाचा बोळा बसतो, त्यामुळें ती होते. त्याच्या नांवाच्या वजनामुळें ही समजूत अनेक दशकें टिकली. १९३९ सालीं कोपनहेगन येथील रोहोल्म व इव्हर्सन यांनीं जिवंत रोग्यांच्या यकृताचे सुईनें काढलेले सूक्ष्म तुकडे तपासले, तेव्हां दिसून आलें कीं नलिका मोकळी आहे; सुजलें आहे तें यकृतच. बोळ्याची कल्पना निकालांत निघाली. पुढें १९४७ सालीं मॅक्कॅलम यानें या यकृतदाहाचे 'ए' व 'बी' असे दोन प्रकार सुचविले : एक अन्नपाण्यांतून जाणारा, दुसरा रक्तांतून जाणारा. अन्नपाणी हा शब्द उच्चारला गेला आणि शोधाची वाट रोग्याच्या शरीरांतून गांवांत वळली.

या वळणावर नगर शहराचा इतिहास कांहीं सांगूं शकतो. १४९० सालीं अहमद निजामशहानें सीनेच्या कांठीं, भिंगारजवळ, आपली राजधानी वसविली. हा प्रदेश पर्जन्यछायेंतला; वाढत्या शहराला जवळची नदी पुरेशी नव्हती. म्हणून निजामशाहींत कापूरवाडी, शेंडी यांसारख्या आसपासच्या गांवांच्या परिसरांतून खापरी नळांनीं शहरांत व बागांत पाणी खेळविण्यांत आलें. मुर्तजा निजामशहाचा प्रधान सलाबतखान याचें नांव या जलकार्यांशीं निगडित आहे. नगरकर अजूनहि त्या नळांचे अवशेष अभिमानानें दाखवितात, आणि तो अभिमान योग्यच आहे. परंतु नळाबरोबर पाण्याच्या व्यवहारांत एक नवी गोष्ट आली, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाहीं. आडाचें पाणी पिणारा आड पाहतो. नदीचें पाणी पिणारी बाई घागर बुडवितांना पाणी गढूळ आहे कीं निवळ, हें पाहते. नळाचें पाणी पिणारा मात्र केवळ विश्वासावर पितो. कोसभर लांबीच्या वाटेंत कोठें खापर फुटलें, कोठें मळ शिरला, हें त्याला दिसत नाहीं. आज नगर शहराला मुळा धरणाचें पाणी येतें. वाट लांबली, खापराच्या जागीं लोखंड आलें, पण पिणाऱ्याचा विश्वास तोच राहिला.

आजच्या नळांत या विश्वासाला तडा कसा जातो, तें समजण्यास अवघड नाहीं. बहुतेक गांवांत व शहरांत पाणी दिवसाचा थोडा वेळ सुटतें. कोठें एक दिवसाआड, कोठें त्याहूनहि विलंबानें. नळ भरलेला व दाबाखालीं असतो तोंवर फटींतून पाणी बाहेर गळतें, बाहेरचें आंत येत नाहीं. पाणी बंद झालें कीं नळ रिकामा होतो, दाब नाहींसा होतो, आणि शेजारून गटार वाहत असेल तर त्याच फटींतून मैला आंत ओढला जातो. दुसऱ्या दिवशीं पाणी सुटतें तेव्हां पहिला लोंढा तो मैला घरोघर पोंचवितो. उन्हाळ्यांत पाणी कमी सोडतात, म्हणून धोका वाढतो. पाणी शुद्धीकरणगृहांतून कितीहि निर्मळ निघालें, तरी वाटेंतला हा अपघात टळत नाहीं. तो टाळण्यास नळाच्या शेवटच्या टोकापर्यंत क्लोरिनचा अंश शिल्लक राहिला पाहिजे.

पाणी एवढा घात करूं शकतें, याचा ठसठशीत पुरावा दिल्लीनें दिला. १९५५ च्या पुरानंतर यमुनेनें आपलें पात्र बदललें, आणि नोव्हेंबर महिन्यांत नजफगड नाल्याचा मैला वजिराबादच्या पाणी उपसण्याच्या जागेपर्यंत पसरला. अधिकाऱ्यांनीं तुरटी व क्लोरिन यांचें प्रमाण वाढविलें. त्यामुळें विषमज्वराची साथ आली नाहीं. परंतु डिसेंबर व जानेवारी या दोन महिन्यांत शहरांत सुमारें २९,००० लोकांना कावीळ झाली. ज्या मात्रेनें विषमज्वराचे जंतु मेले, तिला हा अज्ञात विषाणु पुरून उरला होता. त्या रोग्यांच्या रक्ताचे नमुने जतन करून ठेवले होते. १९७३ सालीं 'ए' विषाणु प्रत्यक्ष दिसल्यावर त्याची परीक्षा निघाली, आणि १९८० सालीं ते जुने नमुने तपासले असतां दिल्लीची साथ 'ए'ची नव्हती असें ठरलें. काश्मीरांत १९७८ सालीं आलेल्या साथीचा अभ्यास करून डॉ. खुरू यांनींहि त्याच सुमारास तोच निष्कर्ष काढला. १९८३ सालीं बालायान या रशियन शास्त्रज्ञानें रोग्यांच्या मळाचा अर्क स्वतः प्राशन केला, तो आजारी पडला, आणि त्यानें आपल्याच मळांत विषाणूचे कण पाहिले. १९९० सालीं त्या विषाणूची जनुकीय ओळख पटली. त्याच्या यकृतदाहाला 'ई' हें अक्षर मिळालें.

महाराष्ट्राला ही कथा परकी नाहीं. पुण्यांत १९५२ सालीं स्थापन झालेलें विषाणु-संशोधन केंद्र पुढें राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था म्हणून प्रसिद्धीस आलें, आणि तेथील शास्त्रज्ञांनीं पाण्यांतून पसरणाऱ्या काविळीचा अनेक वर्षें पाठपुरावा केला. १९८१ सालच्या कोल्हापूर शहरांतील साथीचा त्यांनीं केलेला अभ्यास या विषयांत महत्त्वाचा मानला जातो. २०१२ सालीं इचलकरंजींत पंचगंगेच्या प्रदूषणाच्या चर्चेबरोबर काविळीचें नांव पुन्हां सर्वांच्या तोंडीं आलें. पंचगंगा काय, यमुना काय, किंवा प्रवरेच्या उगमाकडचें एखादें गांव काय, घटनेची रूपरेषा एकच असते : मैला आणि पिण्याचें पाणी यांच्यांतील भिंत कोठें तरी फुटलेली असते.

एवढें स्पष्ट असतांना लोकांच्या ध्यानांत हें कारण सहज कां येत नाहीं? याचें उत्तर काळाच्या अंतरांत आहे. 'ई' विषाणु पोटांत गेल्यापासून डोळे पिवळे होईपर्यंत दोन ते आठ आठवडे, सरासरीनें सुमारें चाळीस दिवस, जातात. पटकीचा रोगी आज दूषित पाणी पितो आणि बहुधा एकदोन दिवसांतच पडतो. म्हणून पटकीचा दोष पाण्यावर ठेवावयास लोक लवकर शिकले. काविळीचा रोगी मात्र चाळीस दिवसांपूर्वींचें पाणी विसरून गेलेला असतो. तो काल खाल्लेल्या तेलकट पदार्थाला दोष देतो, उन्हाला देतो, उष्णतेला देतो. दरम्यान फुटलेला नळ कदाचित् दुरुस्तहि झालेला असतो. कारण आणि कार्य यांच्यामध्यें सव्वा महिन्याचा पडदा पडला म्हणजे मनुष्याची सामान्य बुद्धि चकते.

त्याच पडद्याआड कावीळ उतरविणाऱ्यांचा धंदा चालतो. साधी विषाणुजन्य कावीळ बहुतेक रोग्यांत कांहीं आठवड्यांत आपोआप ओसरते. त्या काळांत कोणी गळ्यांत काड्यांची माळ घालतो, आणि ती दिवसेंदिवस लांबत जाते तशी कावीळ उतरते असें सांगतो. वास्तविक ओल्या काड्या वाळून आंखडतात आणि दोऱ्याच्या गांठी सैल पडतात, म्हणून माळ लांबते. कोणी चुन्याच्या पाण्यांत हात धुवावयास लावून पाणी पिवळें करून दाखवितो. हाताला आधीं लावलेल्या आंब्याच्या सालीच्या रसाचा तो गुण. कोणी दंडावर डाग देतो. रोगी बरा होतो, आणि श्रेय माळेला मिळतें. या लोकांपैकीं सारेच लबाड असतात असें नाहीं. पुष्कळांचा आपल्या विद्येवर मनापासून विश्वास असतो, कारण दहांतले नऊ रोगी खरोखरच बरे झालेले त्यांनीं पाहिलेले असतात.

प्रश्न उरतो तो दहाव्याचा. ज्याच्या पित्तनलिकेंत खडा अडकला आहे, किंवा जिच्या स्वादुपिंडांत गांठ वाढते आहे, त्यांच्यासाठीं माळेखालीं गेलेला महिना हा परत न मिळणारा महिना असतो. 'ई' प्रकारची कावीळ गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत झाली तर यकृत एकाएकीं निकामी होण्याचा संभव फार. अशा स्त्रियांपैकीं शेंकडा वीस-पंचवीस दगावल्याचीं उदाहरणें साथींच्या अभ्यासांत नमूद आहेत. नवजात बालकाची कावीळहि बहुधा निरुपद्रवी असते, कारण त्याचें यकृत अजून कामाला पुरतें लागलेलें नसतें. परंतु बिलिरुबिन फार वाढलें तर तें मेंदूंत उतरून कायमची इजा करतें. इंग्लंडांतील रॉचफर्डच्या इस्पितळांत १९५६ सालीं जीन वॉर्ड या परिचारिकेच्या लक्षांत आलें कीं, बाळाच्या अंगाचा जो भाग उजेडांत राहतो तेथील पिवळेपणा कमी होतो. त्या निरीक्षणांतून निळ्या प्रकाशाचा उपचार निघाला, आणि आज ठिकठिकाणच्या प्रसूतिगृहांत त्यानें बालकें वांचतात. मात्र त्यासाठीं बाळाला वेळेवर तेथें नेलें पाहिजे. भ्रांति, अतिझोप, सतत वांती, ताप व पोटदुखी, पांढुरका मळ, गरोदरपण, तान्हें मूल, किंवा आठवड्यागणिक वाढत जाणारा पिवळेपणा, यांपैकीं कांहींहि असेल तर घरगुती उपायांत एक दिवसहि दवडणें धोक्याचें असतें.

कुटुंबाच्या हातांत जें आहे तें अवघड नाहीं. साथीच्या दिवसांत पाणी खळखळून उकळून प्यावें, शौचानंतर व स्वयंपाकापूर्वीं साबणानें हात धुवावे, रोग्याला हवें तें साधें अन्न द्यावें, आणि यकृतावर ताण पडेल अशीं औषधें मनानें देऊं नयेत. दारू तर पूर्ण वर्ज्य. परंतु सर्वच गोष्टी कुटुंबाच्या हातांत नाहींत. नळ गटारापासून दूर टाकणें, पाण्याची टांकी वेळच्या वेळीं धुणें, शेवटच्या घरच्या नळाला क्लोरिन उरतें कीं नाहीं तें रोज पाहणें, आणि पहिले पांचदहा पिवळे डोळे दिसतांच त्यांची नोंद करून चाळीस दिवसांपूर्वींच्या पाण्याचा माग काढणें, हीं कामें ग्रामपंचायतींचीं, नगरपालिकांचीं व आरोग्यखात्याचीं आहेत. पहिल्या रोग्यांची नोंद झाली नाहीं तर पुढचे शेंकडों रोगी तोंवर तेंच पाणी पिऊन बसलेले असतात. मग माग लागला तरी तो उशिराचा.

पांच शतकांपूर्वीं निजामशाहींतील कारागिरांनीं टेंकड्यांच्या पायथ्याचें पाणी नगरच्या वेशींत आणलें, आणि शंभर वर्षांपूर्वीं भंडारदऱ्याला प्रवरा अडविली गेली. दूरचें पाणी जवळ आणण्याची विद्या या जिल्ह्याला नवी नाहीं. आणलेलें पाणी शेवटच्या घराच्या हंड्यापर्यंत निर्मळ ठेवणें हें त्याच विद्येचें उरलेलें अर्धें अंग आहे, आणि राजूरसारख्या गांवांतल्या पिवळ्या डोळ्यांनीं त्याचीच आठवण करून दिली आहे.